खुब्याचं ऑपरेशन झालं, आता हाडांच्या ठिसूळपणाचं काय?

तुमचा प्रश्न असा: सिडकोत राहणाऱ्या ७४ वर्षांच्या आई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुबा मोडला, रॉड टाकला. घरी सोडताना फक्त कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. हाडं ठिसूळ झालीत का, हे आता तपासायचं का?

तपासायचं, आणि औषधही सुरू करायचं. मी नाशकात घरी जाऊन फिजिओथेरपी देते. पंचवटी असो की नाशिकरोड, फाइलमध्ये एक्स-रे असतात, शुगरचे रिपोर्ट असतात, ठिसूळपणाचं औषध मात्र क्वचितच लिहिलेलं दिसतं. फार वाईट वाटतं. या वयात नुसतं उभ्याउभ्या पडून खुबा मोडला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, धरूनच चालतात. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, जरूर करा, पण त्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोर, उणे २.५ पर्यंत घसरलेला नाही म्हणून औषध टाळू नका. रॉडने मोडलेली जागा सांधली. दुसरा खुबा आणि मणके होते तसेच आहेत.

आधी रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि थायरॉइड बघतात. आपल्याकडे एवढं ऊन, तरी ‘ड’ बऱ्याचदा कमीच निघतं. ते भरून काढल्यावर ठिसूळपणाचं औषध: झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे औषध मिळालेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून वेळ घालवू नका. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी ते देता येतं. नंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते, घाबरू नका. किडनी फार कमजोर असेल तर मात्र देत नाहीत. दात काढायचा असेल तर आधीच सांगा.

आठवड्याची ॲलेंड्रोनेट गोळी हाही पर्याय आहे. पण ती सकाळी चहाच्याही आधी, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आजी लोकांना हे जमत नाही, गोळी सुटते. तिसरा पर्याय डेनोसुमॅबचं इंजेक्शन, ते दर सहा महिन्यांनी असतं. ते मध्येच बंद केलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: “ठिसूळपणाचं औषध कोणतं आणि कधीपासून?” आई स्टेरॉइड किंवा झोपेच्या गोळ्या घेत असतील, तर तेही तेव्हाच सांगा.