एकटीनं सायकलवर आउटर हेब्रिडीज

प्रश्न : नमस्कार ताई, मी ठाण्याला वसंत विहारमध्ये राहते, वय ४६. दर रविवारी येऊर नाहीतर घोडबंदरला सायकल असतेच, शंभर किमीच्या चार-पाच राइड झाल्यात. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर एकटीनं सायकल चालवायची फार इच्छा आहे. किती दिवस ठेवू? घरचे म्हणतात एवढ्या लांब, एकटी, तेही तंबूत, नकोच. शिवाय मी शाकाहारी. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि जाच. मी नेरुळहून गेले होते तेव्हा माझ्या घरीही हेच सगळं ऐकलं होतं.

हेब्रिडियन वे नावाचा रूट आहे, खाली दक्षिणेला व्हॅटरसे बेटापासून वर बट ऑफ लुईसच्या दीपगृहापर्यंत २९७ किमी, दहा बेटं, मध्ये सहा कॉजवे म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेले रस्ते आणि दोन फेरी. आकडा बघून तुम्हाला वाटेल तीन दिवसांचं काम आहे, पण तिथे किलोमीटरवर प्लॅन करूच नका, वाऱ्यावर करा. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो म्हणून सगळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, आणि तोच वारा कधी फिरला की सपाट रस्त्यावर सायकल ताशी आठ-नऊच्या वर हलत नाही, शिवाय जोराचा असेल तर फेरी रद्द होते आणि तुम्ही आहात तिथेच. मी आठ दिवस ठेवले होते आणि त्यातला एकही फुकट गेला नाही.

बेनबेक्युला बेटाहून नॉर्थ युइस्ट बेटाला जाताना कॉजवेवर ‘ऑटर (पाणमांजरं) रस्ता ओलांडतात, सावकाश’ अशी पाटी आहे. दोन्ही बाजूंना ओहोटीचं राखाडी पाणी, वारा त्या दिवशी उजवीकडून, आणि पॅनियर म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगा शिडासारख्या वारा धरत होत्या. एक मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला, त्याच्या आडोशाला क्षणभर वारा थांबला आणि तो पुढे सरकताच असा धक्का बसला की सायकल सरळ रस्त्याच्या कडेला. घोडबंदरला कंटेनरच्या बाजूनं जाताना जे होतं ना तेच, फक्त दुप्पट. तिथून कॉजवे संपेपर्यंत मी उतरून चालत गेले आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही, तुम्हीही खुशाल उतरा.

प्रॅक्टिससाठी येऊरचा चढ चांगलाच आहे, पण तिकडे चढ हा प्रॉब्लेमच नाही. हॅरिसचा क्लिशम तिथला सगळ्यात उंच डोंगर, तो ७९९ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. त्यापेक्षा दुपारी चार वाजता नवी मुंबईत पाम बीच रोडला या, सामान लादून बेलापूरहून वाशीकडे खाडीचा वारा तोंडावर घेत चालवा, आठवड्यातून दोनदा.

महिना मे किंवा जूनची सुरुवात. पुढे मिजेस नावाची बारीक चावरी चिलटं वाढतात, वारा पडला की लगेच अंगावर येतात. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, मी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायचे.

जेवणाचं म्हणाल तर भाजणी, पोहे, मेतकूट, लोणचं न्या. तूप, पेढे, बर्फी नको, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. शेगडी चालेल पण गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यायचा. आणि रविवार सांभाळा! लुईस आणि हॅरिसला रविवार धर्मानं पाळतात, बहुतेक दुकानं, पेट्रोल पंप बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवसांचा शिधा बॅगेत हवा. दक्षिणेकडची बॅरा, साउथ युइस्ट ही बेटं कॅथलिक आहेत, तिकडे एवढं कडक नाही.

तंबूची भीती घरच्यांच्या मनातून काढा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं मोकळ्या जागेत दोन-तीन रात्री तंबू टाकायचा हक्कच दिलाय, फक्त शेत, कुंपण, घरं सोडून, आणि मागे कचरा ठेवायचा नाही. पण नेटवर्क कितीतरी ठिकाणी नसतं, म्हणून निघायच्या आधी घरी सांगून ठेवा की एक दिवस फोन नाही आला तर घाबरायचं नाही, दोन दिवस नाही आला तर अमुक कॅम्पसाइटला फोन करायचा. माझ्या आईला या एका वाक्यानं झोप लागली.

प्रश्न : सायकल इथून न्यायची की तिथे भाड्यानं घ्यायची? (एक वाचक, खारघर)

उत्तर : स्वतःची न्या, सवयीच्या सीटवर आठ दिवस बसणं वेगळंच. ग्लासगोहून ओबान बंदराला ट्रेननं तीन-एक तास, ट्रेनमध्ये सायकलची जागा आधी बुक करा, मग ओबानहून बॅराच्या कॅसलबेला फेरी, पावणेपाच तास, सायकलचे वेगळे पैसे नाहीत. फक्त बॉक्समध्ये भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) काढून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. मी नव्हता काढला. विमान कंपनीनं बॉक्स आपटला, डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर आत वाकला, आणि ओबानच्या धक्क्यावर लक्षात आलं की सगळ्यात हलका गिअर टाकला की चेन सरळ स्पोकमध्ये जाते. म्हणजे सगळे चढ दोन नंबरवर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, बेटावर तुमचा मिळेलच असं नाही, तेव्हा जास्तीचा एक इथूनच घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका, आणि तो एकदा घरी स्वतःच्या हातानं बदलून बघा.