नऊ वर्षांचा फ्रिज: घरी दुरुस्ती, कारागीर की नवा?

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा: दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज ९ वर्षांचा झाला आहे, वरच्या कप्प्यात बर्फ होतो, पण खालच्या कप्प्यातले पदार्थ टिकत नाहीत. कारागिराने काहीही न मोजता गॅस संपल्याचे निदान करून नव्या फ्रिजच्या एक तृतीयांश किमतीइतका खर्च सांगितला आहे, घरच्यांचा कल हप्त्यांवर नवा घेण्याकडे आहे, आणि आपल्या मनात डिफ्रॉस्ट हीटर (साचलेला बर्फ वितळवणारा भाग) मागवून तो स्वतःच बसवावा असे आहे. गेल्या वर्षी याच फ्रिजच्या पंख्यावर पैसे घातले, म्हणून आता तो टाकवत नाही, असेही आपण लिहिता. हे शेवटचे कारण मात्र हिशेबातून आधी वगळावे लागेल. पंख्याचे पैसे फ्रिज ठेवल्याने परत येणार नाहीत आणि टाकल्याने पुन्हा जाणारही नाहीत.

नव्या फ्रिजची किंमत १०० मानू. फ्रिजचे आयुष्य सर्वसाधारणपणे १० ते १५ वर्षे धरतात. १२ वर्षे धरली तर नव्या फ्रिजचा दरवर्षीचा भार सुमारे ८.३ पडतो. कारागिराची दुरुस्ती ३३ ला पडणार असेल, तर तिने किमान ४ वर्षे निभवले तरच ती नव्याच्या बरोबरीला येते. हाती राहणाऱ्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज मिळते असे धरले, तर ही सीमा साधारण ३ वर्षांवर येते. नऊ वर्षांच्या फ्रिजकडून तेवढी अपेक्षा करणे अगदीच अवास्तव नाही, परंतु निदानच चुकीचे असेल तर हे ३३ पाण्यात जातील, आणि मला नेमकी तीच शंका आहे. उलट आपण दिलेल्या आकड्यांवरून हीटरची किंमत १०० मध्ये ४ भरते. एवढ्या खर्चाने फ्रिज सहा महिने चालला तरी तो खर्च वसूल होतो.

शंकेचे कारण सांगतो. गॅस गळत असता तर वरच्या कप्प्याचीही थंडी सहसा कमी होत गेली असती. वर बर्फ आणि खाली ऊब हे लक्षण बहुधा हवा खाली न पोहोचण्याचे असते: फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर, म्हणजे थंडावा देणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावर, बर्फाचा थर साचतो, पंख्याची वाट अडते, आणि तो थर ठरावीक वेळाने वितळवणारी व्यवस्था बंद पडलेली असते. याची चाचणी फुकट आहे, म्हणूनच कोणताही खर्च करण्यापूर्वी ती करावी. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे सुमारे २४ तास उघडी ठेवावीत. खाली जाड फडकी अंथरावीत. पुन्हा सुरू केल्यावर एक दिवसाने खालच्या कप्प्याचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली येऊन काही दिवस टिकले आणि मग पुन्हा चढू लागले, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या व्यवस्थेत आहे असे समजण्यास चांगला आधार मिळतो. खालचा कप्पा थंडच झाला नाही, तर पंखा, हवेची झडप किंवा गॅस यांपैकी काहीतरी असेल आणि आपला हीटर मागवण्याचा बेत तेथेच थांबवावा.

चाचणी अनुकूल ठरली तरी हीटरच बिघडला आहे असे नाही. हीटर, बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार आपोआप जोडला-तुटणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापल्यास वितळून वीज तोडणारा भाग) या तिन्हींपैकी एकही गेला तरी परिणाम एकच दिसतो, आणि काही फ्रिजमध्ये दोष नियंत्रण बोर्डात निघतो. बोर्ड महाग असल्याने तेव्हा हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. मल्टिमीटरने (विजेची जोडणी तपासण्याच्या उपकरणाने) तपासताना एक चूक फार लोक करतात: बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडा, म्हणजे वीज न जाऊ देणारा, असतो आणि पुरेसा गार झाल्यावरच जोडला जातो, त्यामुळे टेबलावर तपासून तो निकामी ठरवला जातो आणि नको तो भाग विकत घेतला जातो. तपासणी प्लग काढूनच करावी. फ्यूज वितळला असेल तर नवा घालावा. त्याला तारेने वळसा देणे म्हणजे आगीपासूनचे संरक्षणच काढून टाकणे होय. बर्फ खरवडण्यासाठी सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण कॉइलची नळी फुटली की ४ ची दुरुस्ती फ्रिजचा शेवट ठरते. शिवाय अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. कॉम्प्रेसर आणि गॅसच्या नळ्यांना घरी हात लावू नये, हे मी काटकसरीच्या बाजूने बोलतानाही ठामपणे सांगेन.

नवा फ्रिज वीज वाचवतो हा घरच्यांचा मुद्दा खरा आहे, पण तुलना कशाशी होते ते पाहा. कॉइलवर बर्फ साचला की कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालतो, आणि त्या बिघडलेल्या फ्रिजच्या बिलाशी नव्याची तुलना केली तर बचत फुगते. दुरुस्तीनंतर आठवडाभराचा वापर मोजून त्याला ५२ ने गुणावे, नव्या फ्रिजच्या लेबलवरील वार्षिक युनिट त्यातून वजा करावेत आणि उरलेल्यांना आपल्या वीजदराने गुणावे. ही रक्कम दरवर्षीच्या ८.३ च्या निम्म्याहून अधिक निघाली, तर जुना फ्रिज फार काळ ओढू नये.

हप्त्यांविषयी एवढेच की रोखीने घेताना मिळणारी सूट हप्त्यांत मिळत नसेल, तर ती सूट हेच त्या ‘विनाव्याज’ कर्जाचे व्याज आहे. आपला आकस्मिक निधी जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाइतका असताना मी नवा हप्ता सुचवणार नाही.

त्यामुळे माझा सल्ला असा: आधी फुकटची चाचणी, मग मोजणी, आणि मगच भाग मागवावा, मल्टिमीटरसह एकूण खर्चाची मर्यादा ८ ठेवावी आणि ती आजच लिहून ठेवावी, कारण अर्धे काम झाल्यावर मर्यादा वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कारागिराच्या दुरुस्तीचे वाचलेले ३३ वेगळ्या खात्यात टाकून त्यात दरमहा ३ ची भर घातली, तर दोन वर्षांत नव्या फ्रिजची रक्कम जमते, आणि दरम्यान दुरुस्ती फसली तरी हातात काही ना काही असते. पत्रा उघडण्यापूर्वी खरेदीची कागदपत्रे मात्र पाहावीत. काही उत्पादक कॉम्प्रेसरवर इतर भागांपेक्षा बरीच लांब मुदतीची हमी देतात. ती अजून चालू असेल, तर स्वतः केलेल्या कामाने ती रद्द होते का, हे लेखी विचारून घ्यावे.