रानवाटेवरचा कॅमेरा : वाचकांची पत्रं, माझी उत्तरं

प्रश्न : नागरगाळी बाजूला आमचा तीन एकर ऊस आहे. रात्री रानडुकरं शिरतात. ऑनलाइन ट्रेल कॅमेरा मागवला आणि बांधावरच्या जांभळीला बांधला. आठ दिवसांत चौदाशे फोटो निघाले, पण डुक्कर एकाही फोटोत नाही, नुसती उसाची पानं. शेजारी म्हणतो, डुकरांची वेळ एकदा कळली की बंदोबस्त करता येतो. कॅमेरा नेमका कसा लावायचा?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही, त्याचं तोंड चुकीच्या बाजूला आहे. ही पेटी डोळ्यानं बघत नाही, उष्णतेवर चालते. समोरून आजूबाजूच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की आतला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. उन्हानं तापलेलं उसाचं पान वाऱ्यावर हललं की त्याला तेही जनावरच वाटतं. उलट एप्रिलच्या दुपारी जमीन अंगाइतकी तापलेली असताना समोरून खरं जनावर गेलं तरी तो कधी कधी झोपलेलाच राहतो.

म्हणून कॅमेरा उसाकडे लावू नका. डुकरं जिथून आत येतात ती वाट आधी शोधा. बांधावर चिखल लागलेली फट दिसेल, एखाद्या खोडाला अंग घासल्याच्या खुणा असतील, कुंपणाच्या काट्यांत राठ केस अडकलेले असतील. त्या वाटेपासून चार-पाच पावलांवर, तुमच्या गुडघ्याच्या उंचीला कॅमेरा बांधा. माणसाच्या छातीच्या उंचीला बांधलात तर डुकराची नुसती पाठ मिळेल, पिल्लं तर दिसणारच नाहीत. तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन काचेत शिरणार नाही. वाटेला काटकोनात न लावता थोडा तिरका लावा, जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं. समोरचं गवत विळ्यानं साफ करा. मग स्वतः चवड्यावर बसून त्या वाटेनं चालत जा आणि फोटो निघतो का ते बघा. ही चाचणी टाळू नका.

सेल चांगल्या प्रतीचे, सगळे एकाच दिवशी घेतलेले असावेत. जुना-नवा मिसळला की रात्रीचे फोटो काळे येतात. आपल्याकडच्या पावसाची गोष्ट वेगळी. जूनच्या आधी पेटीच्या रबराला मेणाचा हात फिरवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. मुंग्यांवरही लक्ष ठेवा. जांबोटीच्या रानात मी एकदा कॅमेरा उघडला तर सेलच्या कप्प्यात मुंग्यांनी अंडी घातली होती आणि कार्डाच्या खाचेत बारीक माती भरली होती. कानकोरण्यानं ती काढायला अर्धा तास गेला.

आता शेजाऱ्याच्या 'बंदोबस्ता'बद्दल. त्याला शांतपणे सांगा, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली आहे. शिकार म्हणजे नुसता बार टाकणं नव्हे. फासकी लावणं, आमिष टाकून मारणं, सापळ्यात धरणं, यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत येतं. 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि दंडाची रक्कम 25 हजारांवरून एक लाखापर्यंत गेली. पहिल्या परिशिष्टातलं जनावर, म्हणजे गवा, बिबट्या किंवा वाघ सापडला तर किमान तीन वर्षं तुरुंग. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायचंच असेल तर अधिकार दिलेल्या वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तोंडी 'चालतंय की' पुरत नाही. विजेची उघडी तार तर अजिबात नको. त्या तारेला डुक्कर लागायच्या आधी पहाटे पाणी सोडायला गेलेला आपलाच माणूस लागतो.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग दुसरा आहे. डुकरं कुठून येतात ते कळलं की तेवढ्याच बाजूला झटका मशीनचं, म्हणजे हलका धक्का देऊन जनावर परतवणारं, कुंपण घालता येतं, सगळ्या तीन एकरांभोवती खर्च करावा लागत नाही. शिवाय तारीख-वेळेचा फोटो आणि तुडवलेल्या उसाचा फोटो एकत्र जोडून नुकसानभरपाईचा अर्ज केला की पंचनाम्याला जोर येतो. जमिनीचा उतारा सोबत ठेवा. सीमेपलीकडे चंदगडात जमीन असेल तर सात-बारा घेऊन तिकडच्या वनखात्याकडे जा, इकडे अर्ज करून वेळ घालवू नका.

प्रश्न : माझा मावसभाऊ अमेरिकेत ॲरिझोनात नोकरी करतो. ऑफिसातले मित्र त्याला एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला बोलावतात. मोठ्या शिंगांचा नर कुठं फिरतो ते ट्रेल कॅमेऱ्यानं आधी बघून ठेवावं, असा सल्ला त्याला मिळाला आहे. तिथं शिकार चालते आणि आपल्याकडे गुन्हा, हे कसं? आणि त्यानं जावं का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : तिथं रानातलं जनावर राज्य सरकारच्या ताब्यात असतं आणि सरकार मोजून परवाने देतं. कोणतं जनावर, नर की मादी, कोणत्या भागात, कोणत्या तारखांत, हे सगळं परवान्यावर असतं. शिकार झाली की जनावराला टॅग लावावा लागतो. आपल्याकडे राजे-रजवाडे, साहेब आणि मग जीपवाले यांनी मिळून जंगलं अशी रिकामी केली की मोजून द्यायला काही उरलंच नाही. म्हणून आपला कायदा दार बंद करतो. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे, एकाच मापानं मोजू नका.

पण त्या मित्रांचा सल्ला आता जुना झालाय. ॲरिझोनात 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी किंवा शिकारीला मदत म्हणून ट्रेल कॅमेरा वापरायला बंदी आहे. तो मुलुख कोरडा, त्यामुळे सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. त्या पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची गर्दी झाली, कार्डं बदलायला माणसांची ये-जा वाढली आणि जनावरं पाण्याला बिचकू लागली. शेजारच्या यूटा राज्यानंही 31 जुलै ते 31 डिसेंबर या काळात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी कॅमेरा बंद केला. विशेष म्हणजे हा आक्षेप शिकाऱ्यांमधूनही आला. पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टनी 1887 साली काढलेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबचं म्हणणं असं की जनावराला निसटायची संधी हवी. सिमकार्डाच्या कॅमेऱ्यातून फोनवर फोटो येतो आणि त्याच घडीला माणूस बंदूक घेऊन निघतो, यात ती संधी कुठं राहिली? हे मला मनापासून पटतं. आमच्या आजोबांच्या तोंडी हाक्याच्या, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकण्याच्या, गोष्टी असायच्या. ते म्हणायचे, हाक्यातसुद्धा एक बाजू मोकळी सोडायची असते.

भावाला एक गोष्ट आज रात्रीच फोन करून सांगा. तो एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असेल तर शिकारीच्या वैध परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. 'जरा धर रे माझी रायफल' म्हणणाऱ्या मित्राच्या भरवशावर राहू नये. जावं की नाही हे त्यानं ठरवावं. मी गेलो नसतो.

प्रश्न : माझ्या शेताशेजारच्या ओढ्यावर बिबट्याचा सुंदर फोटो मिळाला. गावच्या ग्रुपवर टाकू का? आणि भीमगडच्या रानात असाच कॅमेरा लावता येईल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कणकुंबी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथं विनापरवाना आत जाणं आणि कॅमेरा लावणं दोन्ही चालत नाही. अभ्यास किंवा छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यापेक्षा वनखात्याच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून जा. मी गेलो होतो. वाघाच्या गणनेत दर दोन चौरस किलोमीटरला वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. दोन्ही बाजू मिळाल्या तरच तो कोण ते ठरतं. या पद्धतीची पायाभरणी आपल्याच कर्नाटकात झाली. नागरहोळेच्या जंगलात वाघांचे अभ्यासक उल्लास कारंथ यांनी नव्वदीच्या सुरुवातीला हे काम सुरू केलं. 2018च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते. त्यातून साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे 76,651 होते. म्हणजे एक वाघ बघायला साडेचारशेच्या वर फोटो चाळायचे. चौदाशे पानं बघून वैतागलेल्या आपल्या ऊसवाल्या बंधूंनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

आता ग्रुपवर टाकण्याबद्दल. टाकू नकोस. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी जांबोटीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीनं मी त्याच्या काजूच्या बागेत कॅमेरा लावला होता. तिसऱ्या रात्री बिबट्या आला. पुढचा पाय उचललेला, मान वळवून थेट काचेत बघत होता. मला इतका आनंद झाला की मी तो तीन ग्रुपवर टाकला. खाली पट्टीवर तारीख होती, वेळ होती, चंद्राची कोर होती. मागं वीज पडून दुभंगलेलं ऐनाचं झाड होतं, आणि त्या भागातलं शेंबडं पोरही ते झाड ओळखतं.

चौथ्या दिवशी कार्ड बदलायला गेलो. ऐनाच्या अलीकडे वीस पावलांवर वाटेला आडवी मोटारसायकलच्या क्लच वायरची फासकी होती. बिबट्या सापडला नव्हता, भेकराची मादी सापडली होती. तार कातडीत रुतून मान अर्धी कापली गेली होती. खुरांनी उकरून उकरून वीतभर खड्डा पडला होता, म्हणजे ती लगेच मेली नव्हती. त्या तारेच्या टोकाला प्लास्टिकचं निळं टोपण तसंच होतं. वनरक्षकाला बोलावून पंचनामा केला. फास कुणी लावला ते कळलं नाही. वाट कुणी दाखवली ते मात्र मला ठाऊक होतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. फोटो आधी वनखात्याकडे जातो. इतर कुणाला दाखवायचा झाला तर महिन्यानंतर, खालची पट्टी आणि ओळखीचं झाड कापून, आणि गावाचं नाव न घेता. फोनमधलं लोकेशन बंद. वस्तीजवळ बिबट्या फिरतोय म्हणून लोकांना सावध करायचं असेल तर फोटो न टाकता नुसतं सांगता येतं, 'संध्याकाळी ओढ्याकडे पोरांना एकटं सोडू नका, कुत्री आत बांधा.' एवढ्यानं काम होतं.

1920च्या दशकात संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वनाधिकारी होते. ते जनावराच्या वाटेवर दोरा ताणून कॅमेरा ठेवायचे, वाघाचा पाय दोऱ्याला लागला की झगमगाट होऊन फोटो निघायचा. तीच वाट, तोच ताणलेला दोरा. मला फासकीची तार आठवते तेव्हा हा दोराही आठवतो.

प्रश्न : आजोबांच्या काळातलं गव्याचं मुंडकं आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात भिंतीवर आहे. विकता येईल का?
— एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : नाही, ताई. विकणं हा गुन्हा आहे. मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का, आधी जुन्या कागदांत बघा. असेल आणि मुंडकं ठेवायचं नसेल तर ते वनखात्याकडे स्वतःहून जमा करता येतं. नव्या दुरुस्तीत तशी सोय आहे. प्रमाणपत्र नसेल तर आधी वकिलाला विचारा.

प्रश्न : काकांच्या कॅमेऱ्यात आमच्या परड्यातलं मांजरासारखं लांब जनावर आलंय. नखं मोठी आहेत. काय असेल?
— इयत्ता आठवी, खानापूर

उत्तर : बाळ, नखांवरून नाही, शेपटीवरून ओळखायचं. शेपटीवर काळे-पांढरे कडे असतील आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी, तर ते जवादी मांजर. शेपटी सगळी काळी असेल तर उदमांजर. काकांना सांग, कॅमेरा आणखी वीतभर खाली आणि भिंतीपासून जरा लांब बांधा. शेपटीचा फोटो मिळाला की मला पाठव, घराचा पत्ता न लिहिता.