स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरी न्यूयॉर्कमधल्या मुलाशी व्हिडिओ कॉल अडखळतो. उशीर कुठे होतोय हे कसं शोधायचं?

गच्चीवरच्या सोलरचं पाणी आठवा. मिनिटाला किती बादल्या भरतात ते स्पीड टेस्ट सांगते. नळ सोडल्यावर गरम पाणी यायला किती वेळ लागला, हा हिशेब वेगळा. कॉल बहुतेकदा या दुसऱ्या हिशेबात अडकतो. म्हणून लगेच ३०० चा प्लॅन घेऊ नका, आधी मोजा.

मोजायला पिंग पुरतं. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा चिमुकला प्रोग्रॅम. नाव सोनारच्या आवाजावरून. डेटाचं एक छोटं पाकीट पाठवायचं आणि उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले ते बघायचं, एवढंच त्याचं काम. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग आणि पुढे पत्ता लिहून शेवटी ‘-टी’ जोडलं (हे सगळं अर्थात इंग्रजीत), की तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. आधी स्वतःच्या राउटरला करा, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. इथेच आकडा ३ वरून १५० वर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. लॅन केबल लावून पुन्हा बघा. मग बाहेर, ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला.

आता न्यूयॉर्क. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद कुणाच्या बापालाही कमी करता येणार नाहीत. त्यात समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, त्यामुळे २०० च्या वरचा आकडा दिसला तर दचकू नका. स्थिर २२० वर कॉल नीट चालतो, फार तर दोघं एकदम बोलायला लागता. अडखळतो तो आकडा २२० वरून ९०० वर जाऊन परत आला की. याला जिटर म्हणतात.

माझ्याकडे हे रोज रात्री नऊला व्हायचं. एरवी ९ मिलिसेकंद, नऊ वाजता ६००! आठवडाभर इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या. निघालं काय, तर बायकोचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला लागायचा. अपलोडची लाइन भरली की राउटर पाकिटं टाकून देण्याऐवजी साठवत बसतो आणि कॉलची पाकिटं त्याच रांगेत मागे उभी राहतात. जिम गेटिस या प्रोग्रॅमरनी या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं. तेव्हा पिंग चालू ठेवून मुद्दाम मोठी फाइल अपलोड करून बघा. आकडा फुगला तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) शोधा आणि तिथे अपलोडची मर्यादा खऱ्या अपलोड वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. माझ्या डब्यात ती सोयच नव्हती, मी फोटोंची वेळ पहाटेची केली.

ट्रेसराउटमध्ये (पाकीट वाटेत कुठल्या राउटरमधून जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवणारा प्रोग्रॅम) मधेच तारे किंवा एखादा मोठा आकडा दिसला तर कस्टमर केअरला स्क्रीनशॉट पाठवू नका (मी पाठवलाय, लाज वाटते). मधले राउटर अशा चौकशीला सवडीने उत्तर देतात, काही तर देतच नाहीत. आकडा एका टप्प्यावर चढून शेवटपर्यंत चढलेलाच राहिला, तरच तक्रारीत दम आहे.

लाइन रिकामी असतानाचे आणि अपलोड चालू असतानाचे, दोन्ही आकडे खाली टाका. बघून सांगतो.