सल्ला हवाय: तोफखान्यातून घरी आलेला माणूस

प्रश्न: आमचे हे तोफखान्यात हवालदार होते. 1999 ला कारगिलच्या युद्धात द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होते. आता पेन्शन घेऊन घरी आलेत. हाक मारली तर ओ देत नाहीत, पंगतीतून मधेच उठतात, रात्री अंगणात फेऱ्या मारतात. साखर कारखान्यावर रात्रपाळीची वॉचमनकी मिळाली होती, तीही भांडून सोडली. दीर म्हणतात, मिलिटरीचा माज आहे. मी काय करू?
– एक वाचक, ता. खटाव

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्यांचे कान तपासून घ्या. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये होते, तोफखान्यातले जवान जवळून पाहिलेत. 155 मिलिमीटरच्या तोफेशेजारी दिवसरात्र उभं राहिलं की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. समोरासमोर एकाचं बोलणं कळतं, पंगतीत मात्र नुसता गलका ऐकू येतो. मग माणूस उठून जातो. त्यात कित्येकांच्या कानात सतत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज असतो. दिवसा तो दबतो, रात्री सगळं शांत झालं की छळतो. तुमच्या दिरांना हे वाचून दाखवा.

सगळंच कानाचं असेल असं नाही. फटाका वाजला की अंग चोरतात का? झोपेत हात लागला तर उसळतात का? तसं असेल तर मनोविकारतज्ज्ञही हवेत. युद्धानं मनाला झालेली इजा कितीतरी वर्षांनी वर येते आणि तिच्यावर उपचार आहेत. रात्री फारच जड गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन तिच्या साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, मागा. श्रवणयंत्राची सोय त्याच योजनेतून होते. निवृत्त होऊन घरी येताना झालेल्या मेडिकल बोर्डाचे, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या तपासणीचे, कागद शोधून ठेवा. त्यात कानाची नोंद असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सशी, म्हणजे तोफखान्यातल्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाशी, पत्रव्यवहार कसा करायचा, ते तिथे सांगतील. त्या नोंदीमुळे पेन्शन वाढेलच, असं मी म्हणणार नाही.

रात्रपाळीची नोकरी तूर्त नको. शेत, गोठा, काहीही चालेल, पण दिवसाचं काम बघा. त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोला, पाठीमागून हाका मारू नका. द्रासबद्दल खोदून विचारू नका, सांगतील तेव्हा ऐका.

आणि दवाखान्यात एकटं पाठवू नका. डॉक्टर बोललेलं ऐकू आलं नाही, तर 'येस सर' म्हणून परत येतील.