वाचक विचारतात: हजार पाउंडांचा आल्फ कॉमन

प्रश्न: २०१७ मध्ये फुटबॉलपटू नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले तेव्हा बातम्यांमध्ये जुन्या ट्रान्सफरची (म्हणजे एका क्लबने दुसऱ्याला पैसे देऊन खेळाडू घेण्याची) यादी येत होती, त्यात सगळ्यात वर आल्फ कॉमन असं नाव होतं, १९०५, १००० पाउंड. हा कोण आणि एवढा भारी होता का?

उत्तर: भारी होता, पण त्या काळातला सर्वात भारी नव्हता, आणि म्हणूनच तर त्याची गोष्ट मला फार आवडते. कॉमन इंग्लंडमधल्या संडरलंडचा, अंगाने दणकट, पुढच्या फळीत आतल्या बाजूला किंवा सेंटर फॉरवर्डला खेळायचा. शेफिल्ड युनायटेडकडून १९०२ च्या एफए कप या इंग्लिश बाद स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याने गोल केला, तो सामना १-१ सुटला आणि परत खेळवलेला सामना युनायटेडने जिंकला. इंग्लंडकडून फक्त ३ सामने, २ गोल. मग १९०४ मध्ये परत संडरलंडच्या क्लबला आला, आणि काही महिन्यांतच म्हणजे फेब्रुवारी १९०५ ला मिडल्सब्रोने त्याला १००० पाउंड देऊन उचललं.

आता एवढे पैसे का, तर मिडल्सब्रो खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायला आलेलं, दुसऱ्यांच्या मैदानावर जवळजवळ दोन वर्षं लीगचा एकही सामना जिंकलेला नाही, दुसरा उपायच दिसत नव्हता. पेपरांनी खूप टीका केली, माणसं विकताय की काय म्हणून. आणि पहिलाच सामना कुठे, तर शेफिल्डला, त्याच्याच जुन्या क्लबच्या मैदानावर! कॉमनने पेनल्टी मारली, १-० ने जिंकले, आणि सीझन संपला तेव्हा मिडल्सब्रो पहिल्या डिव्हिजनमध्येच होतं. मला विचाराल तर १००० पाउंड तिथेच वसूल झाले.

प्रश्न: मग त्यातले त्याला किती मिळाले?

उत्तर: हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा. ते पैसे संडरलंड क्लबचे, खेळाडूचे नाहीत. १९०१ पासून नियमच होता की पगार आठवड्याला जास्तीत जास्त ४ पाउंड, आणि नवीन क्लबमध्ये सही केल्याचे जास्तीत जास्त १० पाउंड. म्हणजे हिशोब करून बघा, ज्याच्यासाठी हजार मोजले त्याला वरचा पगार धरला तरी तेवढे कमवायला २५० आठवडे, जवळपास पाच वर्षं लागणार! शिवाय करार संपला तरी जुना क्लब परवानगी देईपर्यंत दुसरीकडे जाता येत नव्हतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं. फुटबॉल असोसिएशनला (एफए, इंग्लंडमधली फुटबॉलची मुख्य संस्था) मात्र काळजी कशाची, तर किंमतीची, १९०८ मध्ये त्यांनी ट्रान्सफरवर ३५० पाउंडांची मर्यादा घातली, ती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. पगाराची मर्यादा तशीच राहिली.

कॉमन मिडल्सब्रोला पाच वर्षं टिकला, मध्ये काही काळ स्टीव्ह ब्लूमरसारखा दिग्गज त्याच्या जोडीला होता, मग १९१० ला वुलविच आर्सेनल, नंतर प्रेस्टन, १९१४ ला थांबला. पुढे डार्लिंग्टनला पब चालवायचा. १९४६ मध्ये तिथेच वारला. पगाराची मर्यादा उठली ती १९६१ मध्ये.