फट का पडली, ते आधी बघ

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. मुंबईच्या मामेभावाने मला टेबलटॉप, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या खेळातले पाच छोटे सैनिक दिले. तीन प्लास्टिकचे, दोन रेझिनचे. हात, धड, डोकं, ढाल सगळं सुटं. जोडले, पण खांद्याला आणि कमरेला फटी राहिल्या. त्यात फेविक्विक ओतलं तर फट तशीच आणि भोवती सगळं पांढरं झालं. आता काय करू?
— वाचक, देवगड

उत्तर : तुझ्या पत्रावर जुलैची तारीख आहे, म्हणून पांढरं का झालं ते लगेच लक्षात आलं. फेविक्विक म्हणजे सुपरग्लू, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. आपल्याकडे त्या दिवसांत बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. अशा हवेत गोंदाची वाफ आजूबाजूला पांढरी पूड होऊन बसते, आणि तू ओतलास जास्त, म्हणून बसलीही जास्त. मऊ ब्रशने झाडून घे. उरेल ती प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधी मारतात त्या पहिल्या हाताखाली जाईल. पुढच्या वेळी टाचणीच्या टोकावर येईल एवढाच थेंब घे आणि खोलीत हवा खेळती ठेव. पातळ गोंद फटीत थांबत नाही, आत उतरून जातो, म्हणून फट तशीच राहिली.

कुडाळजवळ आमची गणपतीची शाळा आहे. शाडूच्या मूर्तीला भेग गेली की बाबा लगेच माती घेऊन धावायचे नाहीत. सोंडेच्या मुळाशी भेग असेल तर म्हणायचे, आत माती जाड राहिली, वरचा थर आधी वाळला. कारण कळलं की मगच भेगेच्या कडा ओल्या करून पातळ माती भरायचे. ती वाळून थोडी खाली बसली की पुन्हा भरायचे. तुझ्या सैनिकांना मी हीच रीत लावतो.

गोंद न लावता भाग नुसते जुळवून उजेडासमोर धर. सांध्यातून उजेड येतो का? येत असेल तर बहुतेक वेळा सुटे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून कापताना राहिलेला प्लास्टिकचा खुंट आड येत असतो. तो कटरने थोडा थोडा छाटायचा. साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक रेघ राहते, ती कटरच्या पाठीने खरवडून काढायची. रेझिनचा हात किंवा भाला वाकलेला असेल तर कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ झाला की सरळ कर आणि तसाच धरून गार पाण्यात घाल. रेझिनचे भाग जोडण्याआधी साबणाच्या पाण्याने धुतलेस का? साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यांच्यावर असतं, त्यावर गोंद आणि रंग दोन्ही धरत नाहीत. एवढं केलंस की निम्म्या फटी मिटलेल्या दिसतील.

प्लास्टिकच्या तिघांना सुपरग्लू लावूच नकोस, प्लास्टिक सिमेंट नावाचा प्लास्टिक जोडायचा गोंद आण. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. नीट दाबलंस की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. तिला बोट लावू नको! दुसऱ्या दिवशी कडक झाली की खरवडून टाक, सांधा कुठे होता ते सापडणार नाही. रेझिनला हे सिमेंट चालत नाही, तिथे सुपरग्लूच.

उरलेल्या केसाएवढ्या फटीला पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक लांबी (फटी भरायची पुट्टी) पुरते. टूथपिकने भर आणि ओल्या कानकाडीने वरचं पुसून घे. ती वाळताना आकसते, तेव्हा दोन-तीन हात लागतील. मोठ्या फटीला निळी-पिवळी इपॉक्सी लांबी. दोन्ही रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात ती मधली पट्टी आधीच कडक झालेली असते, ती कापून फेकून दे. नाहीतर गुळगुळीत खांद्यावर खडे येतील. दोन्ही रंग समान घेऊन एकच हिरवा रंग येईपर्यंत मळ, शेवईएवढी वळ, फटीत बसव, आणि ओल्या हत्याराने दोन्ही बाजूंना ओढून कडा इतक्या पातळ कर की नख फिरवलं तरी अडणार नाही. कोरडं हत्यार लावलंस तर अख्खी शेवई त्याच्याबरोबर उचलून येते. दीडेक तास हाताशी असतो, मग रात्रभर ठेव.

प्रश्न : माझी लेक हे सैनिक जोडते. ती हिरवी लांबी महाग पडते. घरातलं एम-सील चालेल का? आणि खाण्याचा सोडा वापरतात म्हणे?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, चालेल. स्टँडच्या तळाला, झग्याच्या आतल्या बाजूला एम-सील छान. चेहऱ्याजवळ मात्र नको, त्याचा पोत जाडसर आहे. त्याची एक गोष्ट उलट चांगली: कडक झाल्यावर पॉलिश पेपरने घासता येतं. हिरवी लांबी रबरासारखी राहते, घासली की चोथा निघतो, म्हणून तिला ओली असतानाच गुळगुळीत करावं लागतं. कोणतीही इपॉक्सी मळताना लेकीला हातमोजे घालायला सांगा, काहींच्या कातडीला खाज सुटते.

सोड्याचंही खरं आहे. फटीत सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडला की क्षणात दगड होतो, गरमही लागतो. लगेच घासून घ्यायचं, उद्यावर टाकलं तर भोवतीचं प्लास्टिक झिजेल आणि तो तसाच राहील. रेझिन घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवलेला हवा आणि तोंडाला मास्क हवा, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका.

प्रश्न : सगळ्या फटी भरल्या, तर चिलखत सपाट दिसायला लागलं. काय चुकलं?
— वाचक, वेंगुर्ला

उत्तर : चिलखताच्या दोन पत्र्यांमधली रेघ मूर्तिकाराने मुद्दाम ठेवलेली असते, तुम्ही तीही भरलीत. खांद्याच्या कवचाखालची सावली, पट्ट्याची कड, झग्याची घडी यांना हात लावू नका. मांसाला, कापडाला किंवा सलग पत्र्याला मधूनच चीर गेली असेल तेवढीच भरा. शंका असेल तर करड्या प्रायमरचा एक पातळ हात मारा, खरी फट त्यात ठळक दिसते. फक्त तो मारायला पाऊस उघडलेली दुपार बघा. दमट हवेत स्प्रे खरखरीत बसतो आणि मग फट कुठली, खरखर कुठली, काही कळत नाही.